शंभर मीटरचं घर

सोमवारी सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी तो पलंगावर मांडी घालून, मांडीवर उशी आणि उशीवर लॅपटॉप ठेवून कामाला बसला होता, तेव्हा फोन थरथरला. स्क्रीनवर लाल पट्टी आली होती आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आपण घरी नाही. कृपया घरी जाऊन हजेरी लावावी.’ त्याने ते दोनदा वाचलं. मग मान वर करून उगाचच खोलीभर पाहून घेतलं. भिंतीला लागलेला एकट्याचा पलंग, त्याला टेकून एक खणाचं टेबल, खुर्चीच्या पाठीवर कालचा शर्ट, ओट्याच्या नावाखाली एक फळी आणि तिच्यावर एक शेगडी, एक पातेलं, एक कप. खिडकी होती, पण शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे तोंड करून. भाड्याने देताना घरमालक म्हणाला होता की खिडकी आहे, आणि तो खोटं बोलला नव्हता. चौदा महिने तो या खोलीत झोपत होता, उठत होता, दाढी करत होता, आणि चौदा महिन्यांत तिला एकदाही घर म्हणाला नव्हता. खोलीवर जातो, खोलीवर आहे, खोलीची किल्ली. हे त्याने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. आता एका यंत्राने ते त्याच्या तोंडावर सांगितलं होतं, वर कृपया लावून. त्याला हसू आलं. हसू ओसरल्यावर मागे जे राहिलं ते मात्र हसण्यासारखं नव्हतं.

तसं पाहिलं तर यात गूढ काही नव्हतं. विमा कंपनी मोठी होती, माणसं नाकासमोर चालणारी होती, आणि दोन दिवस कचेरीत, तीन दिवस घरून असं काम काही वर्षं सुरळीत चाललं होतं. मग वरच्या कुणाच्या तरी मनात पाल चुकचुकली. घरून काम करणारे खरंच घरून करतात का? कुणी एक जण म्हणे महिनाभर समुद्रकाठच्या हॉटेलात बसून आगीचे दावे तपासत होता. झालं, सगळ्यांच्या फोनमध्ये एक नवी सोय आली. नोंदीत जो पत्ता असेल त्याच्याभोवती शंभर मीटरचं वर्तुळ, आणि घरच्या दिवशी तुमचा फोन त्या वर्तुळात हवा. आत असलात तर नकाशावर हिरवा ठिपका, बाहेर असलात तर लाल. आठवडाभर सगळ्यांनी कुरकुर केली. आम्ही काय कैदी आहोत का, असं जेवणाच्या सुट्टीत म्हणून झालं, आणि मग ज्याने त्याने निमूटपणे ‘मान्य’वर बोट टेकवलं. कुरकुर केली नाही ती फक्त याने. आपल्याला काय लपवायचंय, असं त्याला वाटलं, आणि ते वाटताना त्याच्या नोंदीतला पत्ता त्याला आठवलासुद्धा नाही. तो पत्ता होता चौथ्या मजल्यावरच्या जुन्या घराचा. तिथे त्याची बायको आणि दहा वर्षांची मुलगी राहत होत्या. तो तिथे राहत नाही हे कचेरीत कुणालाही माहीत नव्हतं.

साडेनऊला टीमप्रमुखाचा फोन आला. ती त्याच्याहून बारा वर्षांनी लहान, आणि त्यामुळे त्याच्याशी बोलताना शब्द जरा धुऊन-पुसून वापरायची. तुमचा ठिपका लाल दिसतोय, बरं आहे ना सगळं, असं तिने विचारलं. तो म्हणाला, बरंच आहे, जरा बाहेर आलो होतो. घर बदललं असेल तर फॉर्म आहे, दोन मिनिटांचं काम, ती म्हणाली. त्याने फॉर्म उघडला. दोन मिनिटांचं काम खरंच होतं. नवा पत्ता. पत्ता बदलण्याचं कारण, पुढे चौकटी: मोठं घर घेतलं, बदली झाली, विवाह, वैवाहिक स्थितीत बदल, इतर. त्याखाली, ‘संकटकाळी कोणाला कळवावे?’ तिथे बायकोचा नंबर आधीच भरलेला होता, नऊ वर्षांपूर्वी त्याने स्वतःच भरलेला. पत्ता बदलला की ती चौकटसुद्धा नव्याने भरावी लागणार होती, आणि रिकामी ठेवली तर फॉर्म पुढे सरकत नव्हता. त्याने नंबर पुसला. कुणाचा लिहावा याचा विचार करत तो बराच वेळ बसून राहिला. मग फॉर्म तसाच बंद केला. जगात एकच जागा उरली होती जिथे तो अजून त्या घरात राहत होता, आणि ती जागा म्हणजे कंपनीची नोंद. ती आपल्याच हाताने खोडायची हे त्याच्याने होईना. संध्याकाळी करू, असं त्याने स्वतःला सांगितलं. मंगळवार कचेरीत गेला. बुधवारी सकाळी तो बॅग खांद्याला लावून बसमध्ये बसला आणि जुन्या रस्त्याच्या थांब्यावर उतरला.

शंभर मीटर म्हणजे किती, हे माणसाला चालून पाहिल्याशिवाय कळत नाही. तो फोन हातात धरून त्या रस्त्यावरून नवख्या माणसासारखा हिंडत होता. औषधांच्या दुकानापाशी लाल. पुढच्या विजेच्या खांबापाशी हिरवा. खांबाच्या अलीकडे एक पाऊल घेतलं की ‘आपण घरी नाही’, पलीकडे एक पाऊल टाकलं की ‘आपण घरी आहात’. त्याने ते तीनदा करून पाहिलं. कुत्रं फिरवायला निघालेल्या एका म्हाताऱ्याने थांबून त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो ओशाळला. वर्तुळात काय काय येत होतं? इमारतीचं फाटक, पण तिथे पहारेकरी ओळखीचा. मुलांचा घसरगुंडीचा चौक, पण तिथे आया ओळखीच्या. आणि समोरच्या कोपऱ्यावरची, आपले कपडे आपण यंत्रात टाकून धुऊन न्यायची लॉन्ड्री. इतकी वर्षं घरात यंत्र होतं म्हणून तो तिथे कधी गेला नव्हता. लॉन्ड्रीत डाव्या हाताला सात यंत्रं, उजवीकडे काचेला लागून कपड्यांच्या घड्या घालायचं लांब टेबल, आणि टेबलापुढे काचेकडे तोंड करून बसायचा बाक. वर्तुळाची कड त्या खोलीतूनच गेली होती. तिसऱ्या यंत्रापर्यंत घर, चौथ्यापासून परगाव. तो बाकाच्या दाराकडच्या टोकाला बसला, घड्यांच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, आणि नऊ वाजता हिरवा ठिपका लागला. त्याचा जीव भांड्यात पडला. याच गोष्टीची त्याला पुढे सर्वांत जास्त लाज वाटली.

लॉन्ड्री चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. अर्धा दिवस त्या काही बोलल्या नाहीत. मग गल्ल्यावरूनच त्यांनी सांगितलं की हा बाक कपडे लावलेल्या माणसांसाठी आहे. त्याने मान डोलावली. शुक्रवारी तो चार शर्ट, दोन पँटी आणि एक चादर घेऊन आला. सगळं धुतलेलंच होतं. त्याने ते पुन्हा धुतलं, वाळवलं, घड्या घातल्या, आणि मावशींच्या नियमात बसला. सोमवारी तेच कपडे पुन्हा आणले. आठवड्यातून तीन वेळा ते चार शर्ट फिरत होते, साबणाच्या फेसात, मग स्वच्छ पाण्यात, मग गरम हवेत, आणि तो त्यांच्याकडे पाठ करून लोकांच्या गळक्या छपरांचे आणि फुटलेल्या नळांचे दावे तपासत होता. महिन्याभरात निळा शर्ट पांढऱ्याच्या वळणावर गेला. मावशींच्या नजरेतून ते सुटणं शक्य नव्हतं. एकदा त्यांनी जवळ येऊन शर्टाची कॉलर बोटांत धरून पाहिली आणि नुसतंच म्हटलं, "आता याच्यात मळायला काही उरलं नाही." मग त्यांनी कपडे आणायचा आग्रह सोडला. त्याने मात्र आणणं सोडलं नाही.

कचेरीत त्याला ‘भिंग’ म्हणत. पाठीमागे म्हणत, पण त्याला माहीत होतं आणि थोडा अभिमानही होता. दाव्याबरोबर आलेल्या फोटोकडे तो इतक्या बारकाईने बघायचा की जळालेल्या पडद्यामागचं न जळालेलं घड्याळ त्याला दिसायचं, आणि त्या घड्याळातली वेळ अर्जातल्या वेळेशी जुळत नाही हेही दिसायचं. ‘घटनेच्या वेळी आपण घरी होता का? नसल्यास कुठे होता?’ हा अर्जातला सातवा रकाना त्याचा आवडता. माणूस खोटं बोलतो ते बहुधा सातव्या रकान्यात, असं तो नव्या पोरांना शिकवायचा. त्याचं चुकलं एवढंच की तो सातवा रकाना तो संध्याकाळी घरी घेऊन जायला लागला. बायको शाळेत चित्रकला शिकवायची. सुटायची साडेचारला, यायची कधी पाचला, कधी सहाला. आज उशीर? भाजी घेतली. कुठून? कोपऱ्यावरून. कोपऱ्यावरून तर दहा मिनिटं. असं त्याचं चालायचं, आणि तो आवाज चढवत नसे, म्हणून त्याला ते भांडण वाटतच नसे. पुढे त्याने तिला म्हटलं की फोनवर एकमेकांचं ठिकाण दिसेल असं करून ठेवू, काळजी वाटते. ती म्हणाली, ठेव. त्यानंतर तिचा ठिपका त्याच्या फोनमध्ये राहायला आला. दाव्यांच्या मधल्या वेळात तो त्याच्याकडे बघायचा. ती रंगांच्या दुकानात आहे, ती बहिणीकडे आहे, ती बसथांब्यावर अकरा मिनिटं उभी आहे. त्याला वाटायचं की आपण तिच्याबरोबर आहोत. खरंच तसं वाटायचं. त्यात खोटं काही नव्हतं.

आता बाकावर बसलं की समोर चौथ्या मजल्याची खिडकी दिसायची. स्वयंपाकघराची. पडदा नवा होता, पिवळा. तो कधी बदलला हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि घरातली एक वस्तू आपल्याला न विचारता आली याचं त्याला नवल वाटलं. पुढे त्याच नवलाची सवय झाली. पाहायचं नाही असं तो रोज ठरवायचा, आणि दावा उघडायला जितका वेळ लागतो तेवढ्यात मान वर व्हायची. दीड वाजता ठमी शाळेतून यायची. ठमी हे मुलीला त्यानेच ठेवलेलं नाव, ती लहानपणी ठम्म बसून राहायची म्हणून. आता ती दप्तर एका खांद्यावर टाकून, बूट घासत, जगाशी काही देणंघेणं नसल्यासारखी चालायची, आणि तिची उंची वाढली होती. दर दुसऱ्या रविवारी ती त्याला भेटायची, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या बागेत, आणि तेव्हा दोघंही पाहुण्यांसारखे वागायचे. काचेतून दिसणारी ठमी वेगळी होती. ती फाटकाच्या गजावरून काठी फिरवायची. एकदा तिने रस्त्यात थांबून नाकातून काहीतरी काढलं आणि निरखून पाहिलं. त्याला इतकं भरून आलं की त्याला लॅपटॉप मिटून घ्यावा लागला. असं काही रविवारी त्याच्या वाट्याला येत नव्हतं.

सगळं मोडलं त्या दिवशी तिच्या शाळेला सुट्टी होती आणि तिचा ठिपका घरी होता. दुपारी दोनपासून सहापर्यंत, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, जागचा न हललेला. तो कचेरीतून मधूनमधून पाहत होता आणि खूश होता. घरी आला तर घरात कुणी नाही. ठमी शेजारी खेळत होती. त्याने फोन लावला आणि ओट्याखालच्या ड्रॉवरमधून घुरघुर ऐकू आली. चमचे, कात्री, दोऱ्याचं रीळ, आणि त्यांच्यात तिचा फोन. फोन हातात घेऊन तो उभाच होता, तेव्हा दार उघडलं आणि ती आत आली, गाल लाल झालेले, चपला धुळीने माखलेल्या. "कुठे होतीस?" त्याने विचारलं. तिने ड्रॉवरकडे पाहिलं, त्याच्या हाताकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाली, "चार तास मी कुठे आहे हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. मला इतकं बरं वाटलं." त्याने पुन्हा विचारलं की कुठे. ती म्हणाली, सांगणार नाही. लपवण्यासारखं काही असेल म्हणून नव्हे, हे त्याला पुढे, फार पुढे कळलं. त्या संध्याकाळी त्याने ते आठ वेळा विचारलं. दोन महिन्यांनी तो दोन बॅगा घेऊन जिना उतरला, आणि खाली आल्यावर सवयीने तिला कळवलं की पोचलो. कुठे पोचलो ते दोघांनाही माहीत नव्हतं.

म्हणून लॉन्ड्रीतले ते दिवस त्याला विचित्र सुखाचे गेले. आत कपडे फिरत असायचे, काचेवर वाफ धरायची, आणि फोन सांगत असायचा की आपण घरी आहात. कुणीतरी ते लिहून ठेवत होतं. टीमप्रमुखाने महिन्याच्या बैठकीत ज्यांचे ठिपके गेल्या चार आठवड्यांत एकदाही लाल झाले नाहीत त्यांची नावं वाचून दाखवली तेव्हा त्याचंही नाव आलं, आणि तो शाळकरी पोरासारखा लाजला. आपलं पितळ उघडं पडेल ही भीती होतीच. मावशी बोलल्या तर, पहारेकऱ्याने पाहिलं तर, पिवळा पडदा सरकला तर. पण त्याहून मोठी भीती होती की हे एक दिवस संपेल, फॉर्म भरावा लागेल, आणि मग आपण कुठलेच राहणार नाही. तो जेवणाच्या सुट्टीतसुद्धा तिसऱ्या यंत्राच्या पुढे जात नसे. पाण्याचा नळ सातव्या यंत्रापाशी होता. तो बाटली भरून आणायचा तीही पळत.

सातव्या आठवड्यातल्या बुधवारी लॉन्ड्रीचं दार उघडलं आणि ठमी आत आली. तिने दप्तर टेबलावर ठेवलं, त्याच्या शेजारी बाकावर उलटी बसली आणि पाय हलवत फिरणाऱ्या कपड्यांकडे बघू लागली. इथे कशी, असं काहीतरी त्याने विचारलं. शाळा लवकर सुटली, आईचीही, ती म्हणाली, आणि तुला मी पहिल्यापासून बघतेय, खिडकीतून. मी स्टूलवर चढते. तो निळा शर्ट मला आठवतोय, आधी जास्त निळा होता. मग तिने टेबलावरच्या त्याच्या फोनकडे बोट केलं आणि विचारलं की हा हिरवा का. त्याने सांगितलं. लहान मुलीला सांगायचं म्हणून सोपं करून सांगायला गेला आणि त्याला कळलं की ते मुळात सोपंच होतं. कंपनीला वाटतं की बाबा अजून इथेच राहतो, म्हणून बाबाने या गोलाच्या आत बसायचं. ठमीने ते नीट ऐकून घेतलं. विचार करताना खालचा ओठ चावायची तिची सवय तशीच होती.

"मग तू कशाला बसतोस?" ती म्हणाली. "फोन मला दे. मी ड्रॉवरमध्ये ठेवते, चमच्यांच्या. आईचा पण एकदा ठेवला होता. फोन घरी राहील आणि तू जा."

तिने हात पुढे केला होता. तळहातावर शाईचा डाग होता. उपाय बिनतोड होता. कचेरीतले निम्मे लोक तेच करत होते, त्याला माहीत होतं. फोन घरी राहील. चमच्यांबरोबर, कात्रीबरोबर, त्या दोघींच्या बोलण्याच्या आवाजात, पिवळ्या पडद्याच्या आत, सोमवार, बुधवार, शुक्रवार. त्याला आपल्या फोनचा हेवा वाटला. एका वस्तूचा असा हेवा वाटू शकतो हे त्याला नवीन होतं. त्याने फोन उचलला, तिच्या हातापर्यंत नेला, आणि तेवढ्यात काचेपलीकडे बायको दिसली.

ती आत आली तेव्हा धापा टाकत होती. चपला दोन वेगवेगळ्या जोडांतल्या होत्या. तिने ठमीला आधी मावशींकडे गल्ल्यापाशी पाठवलं. मावशींनी काही न विचारता तिला सुट्या बटणांचा डबा काढून दिला. मग ती टेबलाच्या टोकाशी उभी राहिली, बसली नाही. तिने त्याला पहिल्याच आठवड्यात पाहिलं होतं, असं ती म्हणाली. पडदा ओढून घ्यायची. कामावर जाताना मागच्या फाटकाने जायची, फाटकापासून शाळेपर्यंत चारदा मागे वळून बघायची. दोनदा तिने बहिणीला विचारलं की पोलिसांत सांगू का. हे ती अगदी सपाट आवाजात सांगत होती. सात आठवड्यांत त्याच्या डोक्यात हे एकदाही आलं नव्हतं. घड्याळातली वेळ ओळखणाऱ्या भिंगाला हे दिसलं नव्हतं.

"मला वाटलं तू परत सुरू केलंस," ती म्हणाली.

त्याने फोन तिच्यापुढे धरला. कंपनीचं पत्र दाखवलं, नकाशा दाखवला, त्यावरचं फिकट वर्तुळ आणि मधला हिरवा ठिपका दाखवला. ती वाचत गेली. मग तिच्या ओठांचं टोक हललं आणि ती हसायला लागली, आधी दाबून, मग टेबलाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मावशींनी वळून पाहिलं. "म्हणजे आता तुझ्यावर नजर," ती म्हणाली आणि डोळे पुसले. त्यात खुन्नस नव्हती. असती तर त्याला सोपं गेलं असतं. हसणं थांबल्यावर तिने विचारलं की मग पत्ता का नाही बदललास, एवढंच तर होतं. त्याने उत्तर शोधलं. सातव्या रकान्यात लोक जी उत्तरं लिहितात तसली पाच-सहा उत्तरं त्याच्याकडे तयार होती. त्याने त्यातलं एकही दिलं नाही.

"मी तिथे राहतो असं फक्त तेवढ्याच ठिकाणी लिहिलेलं होतं," तो म्हणाला.

एका यंत्राने काम संपल्याची शीळ वाजवली. ते त्याचंच होतं. ती तिकडे गेली, यंत्राचं दार उघडून तिने गरम कपडे टेबलावर काढले आणि सवयीच्या हातांनी शर्टाची घडी घालू लागली. कॉलर, मग बाह्या मागे, मग मधोमध. दोन शर्ट झाल्यावर आपण काय करतोय हे तिच्या लक्षात आलं आणि तिने हात काढून घेतले. बदल, ती म्हणाली. आजच बदल. ठमीला भेटायचं तर रविवारी बेल वाजवून घरात ये, चहा घे, बस. काचेतून नको, मला ते सहन होत नाही. त्याने मान डोलावली आणि ‘संकटकाळी’ची चौकट तिला दाखवली. इथे कुणाचा नंबर लिहावा ते सुचत नाही, असं तो म्हणाला. तिने ती चौकट वाचली. "माझाच राहू दे," ती म्हणाली. "काही झालं तर मला कळायला हवं." मग तिने ठमीला हाक मारली. जाताना ठमीने दारातून वळून फोनकडे बोट दाखवलं आणि भुवया उंचावल्या, म्हणजे, देतोस का? त्याने मानेनेच नाही म्हटलं. त्या रस्ता ओलांडून गेल्या. त्याने फॉर्म भरला. कारणाच्या चौकटीत ‘इतर’वर बोट गेलं होतं, ते त्याने मागे घेतलं आणि खरी चौकट निवडली. दोन मिनिटंही लागली नाहीत. निघताना मावशींनी त्याचे पैसे घेतले नाहीत.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता तो खोलीत पलंगावर बसला, मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप. फोन थरथरला. ‘आपण घरी आहात. शुभ सकाळ.’ त्याने मान वर केली. पलंग, खुर्ची, शेगडी, एक कप, शेजारच्या भिंतीकडे बघणारी खिडकी. सगळं जागच्या जागी होतं आणि आता यालाच घर म्हणायचं होतं. दुपारपर्यंत त्याने चार दावे संपवले. पाचवा एका बाईचा होता. स्वयंपाकघरातला नळ फुटून जमीन उखडली होती. सातव्या रकान्यात तिने लिहिलं होतं, घरी नव्हते. कुठे होता, ते कोरं. असा अर्ज त्याने आजवर कधी पुढे पाठवला नव्हता. तो परत जायचा, लाल शेऱ्यासह. त्याने ओल्या जमिनीचे फोटो पाहिले, नळाचं टोक पाहिलं. नळ खरोखर फुटला होता. ती कुठेही असली तरी नळ फुटलाच असता. त्याने दावा मंजूर केला. मग त्याने लॅपटॉप मिटला, टेबलाचा खण उघडला, त्यात फोन ठेवला, खण लावला आणि खोलीला कुलूप घालून बाहेर पडला.

दोन वाजले होते. कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं. तो कालव्याच्या बाजूने चालत राहिला. पाणी संथ होतं आणि एका ठिकाणी कुणाचा तरी लाल चेंडू काठाला अडकून पडला होता. पूल ओलांडला. पुलापलीकडच्या वस्तीत तो कधी आला नव्हता. एका कुंभारकामाच्या दुकानापुढे थांबून त्याने मातीचा गोळा चाकावर उभा राहताना पाहिला, दोनदा बिघडला, तिसऱ्यांदा साधला. एका बाकावर बसून त्याने शेंगदाणे खाल्ले. शेजारी बसलेल्या माणसाने वेळ विचारली आणि त्याने घड्याळ बघून तीन चाळीस सांगितले. आपण कुठे आहोत हे आत्ता जगात कुणालाही माहीत नाही, असं त्याने मनात म्हणून पाहिलं. तिला इतकं बरं वाटलं होतं. तो बरं वाटण्याची वाट पाहत बसला. तिलाही असंच पाणी दिसलं असेल, असाच बाक. ती चार तास नुसती चालली असेल, कधीतरी थांबून कुणाचं काम पाहिलं असेल. एवढंच असेल. आणि मग ती परत निघाली असेल, आणि घर जवळ आलं तसतशी पावलं जड झाली असतील, कारण आत कुणीतरी सातवा रकाना उघडून बसलंय हे तिला ठाऊक होतं. तिला काय दिलं होतं आपण, हे त्याला त्या बाकावर पुरतं समजलं, आणि समजून उपयोग काहीच नव्हता. तो उठला.

सहाला तो आपल्या जिन्यावर आला. दारापाशी किल्ली हातात घेऊन तो थांबला. तीही अशीच थांबली असणार, दाराबाहेर, मिनिटभर. आत कुणी विचारलंच तर सगळं तयार होतं त्याच्यापाशी. कालव्याच्या बाजूने गेलो, लाल चेंडू, पूल, कुंभार, तिसऱ्यांदा साधलेलं मडकं, शेंगदाणे, तीन चाळीस. कुठे फट नाही, कुठे वेळ जुळत नाही असं नाही. भिंगालाही खोट काढता आली नसती. त्याने दार उघडलं. खोलीत सकाळचा कप तसाच होता. बूट न काढताच तो पलंगाच्या कडेला बसला आणि थोडा वेळ वाट पाहिली. मग खण उघडून फोन बाहेर काढला. एकच निरोप होता, नुकताच आलेला. ‘आज आपण दिवसभर घरी होता. धन्यवाद.’